दाण्याची सुरा आणि राजाचा हक्क : वत्सगुल्म ते १९४९

वाशीम येथे १९३९ मध्ये वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या राजवटीच्या ३७व्या वर्षी नांदीकड, म्हणजे आजच्या नांदेड परिसरातील एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ती सनद. गावासोबत राजाने कोणकोणते हक्क सोडले याची प्राकृतातील यादी त्यात आहे. वाकाटकांच्या अशा याद्यांत मीठ आणि खाणकाम यांच्या शेजारी एक शब्द हमखास येतो : ‘क्लिन्न’. क्लिन्न म्हणजे भिजलेले, ओले. फ्लीट यांनी त्याचा संबंध ओल्या मिठाशी जोडला, वा. वि. मिराशी यांनी मात्र त्यात आंबवलेली मद्यद्रव्ये पाहिली.

मिराशींचा अर्थ अधिक पटतो, कारण मीठ, खाणी आणि सुरा ही तिन्ही खाती कौटिल्याने राजाच्याच हाती ठेवली आहेत. तो मान्य केला, तर चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्माच्या, म्हणजेच वाशीमच्या, राज्यात घरच्या मडक्यात आंबत ठेवलेल्या पदार्थावरही राजाचा दावा होता असे मानावे लागते. आजच्या रिसोड तालुक्यातील रिठद आणि आसपासची ज्वारी पिकवणारी गावे याच राजधानीच्या परिघातली.

पण मडक्यात नेमके काय आंबत असे? धान्यापासून मद्य करण्यात मूळचीच एक अडचण आहे. मोहाच्या फुलात, उसाच्या रसात, ताडीत साखर तयारच असते. दाण्यात असतो स्टार्च, आणि आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तो थेट पचत नाही. आधी त्याची साखर व्हायला हवी. हे दोन मार्गांनी साधते, आणि भारताला दोन्ही फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पहिला मार्ग मोडांचा. दाणा अंकुरला की त्यात स्टार्च फोडणारी विकरे तयार होतात. वैदिक सौत्रामणी यागातील सुरेसाठी शष्प, तोक्म, लाज आणि नग्नहू लागत. भाष्यकारांच्या मते शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेला जव, लाज म्हणजे लाह्या आणि नग्नहू म्हणजे आंबवण्याचा मसाला. हे मिश्रण तीन रात्री ठेवत. आज युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी डब्यातला तयार माल्टचा अर्क सोडून घरच्या छोट्या स्वयंपाकघरात थेट दाण्यापासून बिअर करू लागतात, तेव्हा तत्त्वतः ती तोक्माकडेच परतत असतात!

दुसरा मार्ग किण्वाचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या प्रकरणात त्याची कृतीच आहे : उडदाचा कच्चा वा शिजवलेला लगदा, त्याहून एक तृतीयांश अधिक तांदूळ आणि मोरटासारख्या वनस्पतींचा थोडा अंश. ‘मेदक’ करायचे तर एक द्रोण पाण्यात अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे सोळा प्रस्थ धरले, तर १६ भाग पाणी, २ भाग तांदूळ, ३ भाग किण्व. तांदळाहून किण्वच जास्त! ‘प्रसन्ना’साठी बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. हे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे, असेही तिथेच नमूद आहे.

याच प्रकरणात एक मोलाची तरतूद आहे. सुरेचा धंदा राजाचा. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक वेगळी. राजाच्या मक्तेदारीबाहेरचा माल विकणाऱ्याने मात्र शेकडा पाच शुल्क द्यायचे. अर्थशास्त्राचे कठोर राज्यही घराच्या उंबरठ्यावर थोडे थांबले, ते इथे.

ब्रिटिश राजवट थांबली नाही. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती परवान्याखाली आणली. १८९२च्या मोहविषयक कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले आणण्यावर आणि साठवण्यावरच बंधने घातली. फुलावर बंधन घालता येते. ज्वारीवर कसे घालणार? ती तर रोजची भाकरी. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासूनच ब्रिटिशांकडे आलेला होता. तिथेही अबकारी हे महसुलाचे मोठे अंग होते.

खुद्द ब्रिटनमध्ये १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर उठवला, पण घरी बिअर करणाऱ्यावर परवान्याची अट लादली. ती १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत घरगुती बिअरला संघराज्याच्या करातून मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली ती १९७८ मध्ये. आपल्याकडे प्रवाह उलटा वाहिला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, आणि पुढे तोच विदर्भालाही लागू झाला. परवान्याशिवाय मद्य तयार करणे त्यानुसार गुन्हा आहे. कौटिल्याने गृहस्थाला दिलेली श्वेतसुरेची सवलत त्यात नाही.

ज्वारीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, म्हणून जवाची रीत तिला जशीच्या तशी चालत नाही. शिवाय तिच्या कोवळ्या मोडांत सायनाइड सोडणारे धुरिन असते. त्यामुळे मोड वाळवून, चोळून काढून टाकावे लागतात. आफ्रिकेतील ज्वारीची बिअर करणाऱ्या स्त्रियांनी यातून शतकानुशतके वाट काढली. वऱ्हाडात ज्वारीची वाट मुख्यतः भाकरी, कण्या, लाह्या आणि आंबिलीकडे गेली, आणि मद्याची चूल मोहाच्या फुलांवर पेटत राहिली.