पोलादाचे पाणी : शीतकरण व अंतर्रचना यांच्या अभ्यासाचा एक टप्पा

लालभडक तापविलेले कोयत्याचे पाते पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेस सावंतवाडी परिसरात, किंबहुना सर्व मराठी मुलखात, 'पाणी देणे' असे म्हणतात. या क्रियेत धातूच्या अंतरंगात नेमके काय घडते, या प्रश्नाच्या आधुनिक अभ्यासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईशी जोडलेला आहे.

मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वूट्झ' पोलादाचे नमुने पाठविले. त्यांवरील जॉर्ज पिअर्सन यांच्या १७९५ मधील निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनते असे म्हटले आहे. वस्तुतः ते दक्षिण भारतातील मुशींत तयार होई. बंदराचे नाव मालाला चिकटले आणि कारागीर मात्र अभ्यासकांच्या नजरेआड राहिला. पोलाद कशाचे बनले आहे हे विचारले गेले. ते कसे थंड केले जाते, हे विचारण्यासाठी त्याच्याकडेच जावे लागले असते.

मायकेल फॅरडे हे स्वतः लोहाराचे पुत्र. तरीही १८१९ मध्ये त्यांनी वूट्झच्या गुणांचे कारण अॅल्युमिनासारख्या घटकांत शोधले. तो तर्क पुढे टिकला नाही. १८६० च्या दशकात शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी घासून गुळगुळीत केलेले पोलाद आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा घटकांइतकीच रचनाही महत्त्वाची ठरू लागली. पाणी दिलेल्या पोलादातील सुईसारख्या रचनेला १८९५ मध्ये ऑस्मों यांनी 'मार्टेन्साइट' हे नाव दिले.

तप्त लोहात विरघळलेल्या कार्बनला अचानक थंडीमुळे बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो अडकून पडतो, लोहाची स्फटिकरचना ताणली जाते आणि पाते कठीण परंतु ठिसूळ बनते. (वूट्झची प्रसिद्ध लहरदार नक्षी मात्र मुशीतील मंद शीतकरण व नंतरची घडाई यांतून उमटते, या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.)

म्हणून लोहार पाते पुन्हा बेताने तापवितो. अडकलेला कार्बन आता लोहाशी संयोग पावून सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळा होऊ लागतो. उष्णता अधिक काळ राहिल्यास लहान कण विरघळतात व त्यांच्या खर्चाने मोठे कण वाढतात. १९६१ मध्ये लिफ्शिट्झ व स्लियोझोव्ह यांनी या वाढीचा नियम मांडला : कणांचा सरासरी आकार काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. लोहाराजवळ असे सूत्र नसते. पात्यावर पेंढ्यासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढताना तो पाहतो आणि हवा तो रंग दिसताच पाते विस्तवावरून काढतो.