होळकरांचे युद्धतंत्र : पालखेड ते महिदपूर

सैन्याने कसे लढावे, हे केवळ शस्त्रांवरून ठरत नाही. राज्याला काय साधावयाचे आहे, यावरून ते ठरते. होळकरशाहीचा इतिहास याची साक्ष देतो.

सुभेदार मल्हारराव गनिमी काव्यात घडले. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने निजामास कोंडले, त्या मोहिमेत ते होते. तेव्हा मराठ्यांना चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य करवून घ्यावयाचा होता. रसद तोडणारे, चपळ घोडदळ त्या हेतूस पुरेसे होते.

१७५२ च्या कराराने दिल्लीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली आणि चित्र पालटले. शत्रूला जेरीस आणून निसटणे आता पुरेसे नव्हते. ठाणी राखणे आवश्यक झाले. त्यासाठी कवायती पायदळ व तोफखाना हवा होता. १७६० साली उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आपले सामर्थ्य दाखविले. पानिपतापूर्वी मल्हाररावांनी जड सरंजाम मागे ठेवून गनिमी काव्याने लढण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. सल्ला अनुभवाचा होता. परंतु बुणगे, यात्रेकरू आणि कुटुंबकबिला सोबत घेऊन दिल्ली राखू पाहणाऱ्या सैन्याला तो पेलणारा नव्हता. १४ जानेवारी १७६१ रोजी गारद्यांची शिस्त व घोडदळाची जुनी सवय एकाच रणांगणावर उभी होती. त्यांचा मेळ मात्र बसला नाही.

यशवंतरावांना दोन्ही तंत्रे अवगत होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. १८०४ मध्ये कंपनीशी गाठ पडताच त्यांनी घोडदळाच्या बळावर कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत माघार घ्यावयास लावले. त्याच नोव्हेंबरात मात्र डीगला पायदळ व तोफा, तर फर्रुखाबादला घोडदळ हरले. तरीही राजपूरघाटच्या तहानंतर भानपुऱ्यास त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना चालविला. १८११ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रातीरी त्या परंपरेच्या तोफांनी इंग्रजांची मोठी हानी केली. पण आदल्याच दिवशी तुळसाबाईंची हत्या झाली होती आणि गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते. तोफा होत्या, गोलंदाज होते. कशासाठी लढावयाचे, हे ठरविणारा दरबार उरला नव्हता.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसौर तहाने युद्ध व तह करण्याचे होळकरांचे स्वातंत्र्य संपले. त्याच वर्षी इंदूर राजधानी झाले. आपल्या नगरीच्या वैभवाचा आरंभ असा एका पराभवातून झाला.