जाणिवेच्या आधीचे मन

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर, एका भल्यामोठ्या चाकाचा तुकडा शिल्लक आहे. बराचसा भाग झडून गेला आहे, तरी आऱ्यांनी पाडलेले कप्पे आणि त्यांत दाटीवाटीने काढलेली माणसे अजून ओळखू येतात. इंग्रज पाहणाऱ्यांनी आधी त्याला राशिचक्र ठरवले होते. एल. ए. वॉडेल यांनी तिबेटी मठांतल्या चित्रांशी ते ताडून पाहिले आणि हे भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे चित्र, असल्याचे १८९४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. ही ओळख फार महत्त्वाची आहे. मूलसर्वास्तिवादी या बौद्ध पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, असे चक्र विहाराच्या दाराशी रंगवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते उलगडून सांगायला एक भिक्षू नेमावा, अशी आज्ञा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, वाघूर नदीच्या घळीतल्या या विहारात शिरणाऱ्या वाटसरूला बुद्धमूर्तीच्या आधी हे चाक दिसत असणार. आज छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर जाऊन लोक अजिंठ्याचे सौंदर्य पाहून येतात. त्या सौंदर्याच्या मुळाशी मनाविषयीचा एक कठोर सिद्धांत आहे आणि त्याकडे आपले फार दुर्लक्ष झाले आहे, असे माझे मत आहे.

या चाकाने मांडलेल्या सिद्धांतात बारा कड्या आहेत. पहिली अविद्या, दुसरी संस्कार, आणि विज्ञान म्हणजे जाणीव थेट तिसरी. संस्कारासाठी कुंभार आणि विज्ञानासाठी माकड अशी चित्रे या परंपरेत ठरलेली होती. माकड या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते आणि आपणच उडी घेतली असे त्याला वाटते. घडवणारा कुंभार मात्र त्याच्या आधीच कामाला लागलेला असतो. सातवी कडी वेदना, म्हणजे सुखद किंवा दुःखद असा नुसता अनुभव, आणि आठवी तृष्णा. पण इथे एक अडचण उभी राहते आणि बौद्ध आचार्यांनी ती टाळली नाही. क्षणाक्षणाला चित्त बदलत असेल, तर ध्यानात शांत बसलेल्या भिक्षूचा लोभ त्या वेळी कुठे असतो? नष्ट झाला म्हणावे तर आसनावरून उठताच तो परत कसा येतो? पाली महामालुंक्य सुत्तात तान्ह्या बाळाचा दाखला आहे: बाळाला 'मी'ची कल्पनासुद्धा नसते, तरी आसक्तीची मुळे त्याच्यात निजलेली असतात. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या पाचव्या प्रकरणात अशा सुप्त क्लेशांनाच अनुशय म्हणणारे मत मांडले आणि त्यांची तुलना बीजाशी केली. त्याचा भाऊ असंग याने पुढे जाऊन सगळी बीजे साठवणारे आलयविज्ञान सांगितले.

हे ग्रंथातले बोलणे भिंतीवर कसे उतरले, हे १६ क्रमांकाच्या लेण्यात दिसते. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलेल्या या लेण्यात नंदाची कथा आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. बुद्धाने भिक्षापात्र हातात दिले, भिडेपोटी तो ते घेऊन मागोमाग गेला आणि मनात नसताना त्याचे मुंडन झाले. इकडे सेवक त्याचा मुकुट घेऊन घरी येतो आणि त्याची पत्नी सुंदरी कोसळते. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, मागून एका दासीने तिला सावरले आहे आणि दुसरीने तिचा हात हाती घेतला आहे. 'मरणासन्न राजकन्या' म्हणून हे चित्र गाजले आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी त्यातल्या करुणेची मनापासून स्तुती केली. मला इथे सर्वांत मोलाचे वाटते ते असे की, चित्रकाराने प्रेमाची हेटाळणी केलेली नाही. डोक्यावरचे केस एका घटकेत उतरतात, मनातली सुंदरी उतरत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते.

कोणी म्हणेल, दात्यांना पुण्य हवे होते, कारागिरांना मजुरी. तत्त्वज्ञान आपण मागाहून चिकटवत आहोत. दात्याचा हेतू पुण्याचा होता हे खरेच. पण कोणते चित्र दाराशी असावे हे विनयाने ठरवले होते आणि ते समजावून सांगणे हे भिक्षूचे नेमून दिलेले काम होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथला संघ जुन्या निकायाचा, म्हणजे पंथाचा, आलयविज्ञान महायानातल्या योगाचार संप्रदायाचे. म्हणून अजिंठ्याला योगाचाराचे पीठ म्हणणे मला पटत नाही. परंतु अनुशयाचा प्रश्न सगळ्याच निकायांचा होता, उत्तरे तेवढी वेगळी होती. शिवाय सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांगने महाराष्ट्रातल्या ज्या डोंगरी विहाराचे वर्णन केले, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते अजिंठाच. दाराच्या दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचे तो सांगतो, आणि योगाचार परंपरेतला दिङ्नाग तिथे वरचेवर राहत असे, हेही नोंदवतो.

सुप्त मन म्हटले की आज फ्रॉइड आठवतो. त्याचा स्वप्नांवरचा ग्रंथ १९०० सालचा. त्याच्या आधी दीड हजार वर्षे आम्हाला हे सगळे माहीत होते, अशी बढाई मात्र कोणी मारू नये. फ्रॉइडच्या नेणिवेचा गाभा दडपलेल्या इच्छांचा आहे. अनुशय कोणी दडपलेले नसतात, ते कर्माच्या ओघात, अनेक जन्मांच्या हिशेबाने साचतात. उपायही निराळा आहे. नंदाला बुद्धाने समजुतीच्या चार गोष्टी सांगून सोडून दिले नाही. त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवल्या आणि साधना केलीस तर त्या मिळतील, याला आपण जामीन राहतो असे सांगितले. एका तृष्णेच्या जागी दुसरी आली. सोबतचे भिक्षू हसू लागले, तेव्हा नंद शरमला आणि एकांतात जाऊन खऱ्या साधनेला लागला. अर्हत झाल्यावर तो बुद्धाला त्या जामिनातून मोकळे करायला गेला. बुद्धाने सांगितले की नंदाचे चित्त सुटले त्याच क्षणी आपण मोकळे झालो.