रायफल दुर्बीण

रायफल दुर्बीण हे रायफलवर बसवलेले, लक्ष्य मोठे करून दाखवणारे उपकरण आहे. तिच्यातील फुलीच्या साहाय्याने नेम धरतात.

विश्वासार्हता

स्वस्त दुर्बिणीत काचेइतकीच आतील यंत्रणाही कमकुवत असू शकते. गोळी सुटतानाच्या धक्क्याने फुली सरकल्यास नेम चुकतो. आत ओलावा शिरल्यास काच धूसर होते. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का मागे-पुढे असा दुहेरी असल्याने त्यासाठी न बनवलेली दुर्बीण लवकर बिघडते. फुली ठरावीक खटके फिरवून मूळ जागी आणल्यावर गोळी पूर्वीच्याच ठिकाणी लागणे, ही विश्वासार्हतेची कसोटी होय.

स्पर्धांतील वापर

ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावण्यास परवानगी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा प्रकारही त्यांपैकीच आहे. त्यात छिद्रातून नेम धरतात. त्यामुळे या प्रकारांच्या सरावासाठी दुर्बीण, स्वस्त असो वा महाग, उपयोगी पडत नाही.