'प्रोव्होक्ड' सिनेमा आणि अहलुवालिया खटल्याचा खरा निकाल

ऐश्वर्या रायचा 'प्रोव्होक्ड' पाहिलाय? नसेल तरी हरकत नाही, फक्त नाव लक्षात ठेवा. प्रोव्होक्ड, म्हणजे चिथावलेली. सिनेमा किरणजीत अहलुवालियाच्या खटल्यावर बेतलाय. नावावरून वाटतं, की नवऱ्याच्या छळाने ती चिथावली गेली हे १९९२ साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने मान्य केलं. मीही आधी तसंच लिहून ठेवलं होतं. निकालपत्र मुळातून वाचलं आणि ते वाक्य खोडावं लागलं.

दहा वर्षं मारहाण सोसल्यावर मे १९८९ मधल्या एका रात्री किरणजीतने झोपलेल्या नवऱ्याला पेट्रोल टाकून पेटवलं. खुनाचा गुन्हा शाबीत झाला. इंग्लंडात खुनाला जन्मठेपच, न्यायाधीशाच्या हातात दुसरं काही नसतं. चिथावणी मान्य झाली तर खुनाचा 'मॅनस्लॉटर' होतो आणि शिक्षा कमी करता येते. म्हणून सगळं त्यावर अडलेलं.

आणि चिथावणीची व्याख्या होती १९४९ च्या डफी खटल्यातली: आत्मसंयम 'अचानक आणि तात्पुरता' सुटला पाहिजे. गंमत बघा (गंमत कसली!), डफीसुद्धा नवऱ्याचा छळ सोसणारी बायकोच होती. तिनेही तो पलंगावर असताना वार केले होते. भडकून तिथल्या तिथे हात उचलणाऱ्याला ही व्याख्या सोयीची. जिला समोरासमोर उभं राहायचीच भीती वाटते, तिने काय करायचं?

किरणजीतच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा मांडला. लॉर्ड टेलर यांच्या पीठाने तो फेटाळला. मधे वेळ गेला एवढ्यावरून बचाव आपोआप संपत नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण व्याख्या बदलायची तर ते काम संसदेचं, असंही सांगितलं. अपील मंजूर झालं ते वेगळ्याच कारणाने. तिला नैराश्याचा आजार असल्याचा वैद्यकीय पुरावा मूळ खटल्यात पुढे आलाच नव्हता. फेरसुनावणीचा आदेश झाला. सप्टेंबर १९९२ मध्ये सरकार पक्षाने मॅनस्लॉटर मान्य केलं आणि तोवर भोगलेल्या कैदेवर ती सुटली.

म्हणजे कायद्याच्या कागदावर ती 'चिथावलेली' नव्हतीच, आजारी होती. छळाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर संसदेने २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्टमध्ये दिलं. ते ऑक्टोबर २०१० पासून लागू आहे. चिथावणीचा जुना बचाव रद्द झाला आणि 'लॉस ऑफ कंट्रोल' आला. कलम ५४ स्पष्ट म्हणतं, की संयम अचानक सुटला की नाही याला महत्त्व नाही. कलम ५५ मध्ये गंभीर हिंसेची भीती हेही कारण धरलंय. पण संयम सुटलाच पाहिजे ही अट मात्र राहिली. ती काढून टाका, असं लॉ कमिशनने २००६ सालीच सुचवलं होतं. अहलुवालियाचं निकालपत्र वाचून झालं की तो अहवाल आणि ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचा.