अदमासाचें शास्त्र आणि आधाराचें यंत्र

आमच्या उलव्याजवळून मुंबईस जाणारा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याची लांबी सुमारें २२ किलोमीटर. असा पूल बांधतांना वारा, लाटा आणि भार नेमके किती, हें कोणीहि निश्चित सांगूं शकत नाहीं. म्हणून स्थापत्यशास्त्री हिशेबापेक्षां अधिक बळ पुलाच्या अंगीं राखून ठेवतात. पाय गमावलेल्या माणसाच्या यंत्रास मात्र ही उदारता परवडत नाहीं. तें जड झालें तर ओझें होतें, कमजोर राहिलें तर दगा देतें. तेथें आपलें अज्ञान किती, हें मोजावेंच लागतें.

हें मोजमाप जुनें आहे. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. नवा पुरावा मिळेल तसा पूर्वींचा अदमास कसा सुधारावा, याचें गणित त्यांत होतें. पुढें १८०१ सालीं पियाझ्झी यास सीरीस हा लघुग्रह दिसला आणि थोड्याच आठवड्यांत सूर्याच्या तेजांत लोपला. त्या मोजक्या, सदोष वेधांवरून गाउस यानें त्याचा मार्ग काढला, व वर्षाच्या अखेरीस तो पुन्हां सांपडला. चुकांनाहि नियम असतो, हें त्यामुळें लोकांस पटलें.

महाराष्ट्रांत ही विद्या रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार अग्रणी होत. केंब्रिज येथें त्यांनीं हॅरल्ड जेफ्रीझ यांच्या हाताखालीं अध्ययन केलें. पुरावा वाढत गेला म्हणजे खऱ्या उत्तराकडे नेणारी वाट शेवटीं एकच उरते, अशा आशयाचा त्यांचा लेख १९४८ सालीं छापला गेला. १९५३ सालीं पुणें विद्यापीठांत सांख्यिकीचा विभाग त्यांनीं उभारला. १९६० सालीं त्यांस ॲडम्स पारितोषिक मिळालें. त्याच पुण्यांत, महायुद्धाच्या धामधुमींत, १९४४ सालीं जायबंदी सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र निघालें होतें.

आज या दोन विद्या एकत्र आल्या आहेत. गुडघ्याच्या नव्या कृत्रिम सांध्यांत भार व कोन टिपणारीं उपकरणें असतात. माणूस पायरी चढणार कीं खाली बसणार, हें सांध्यास क्षणांत ओळखावें लागतें. आणि उपकरणाची नोंद तर थोडीफार चुकतेच. रुडॉल्फ कालमन यानें १९६० सालीं मांडलेल्या रीतीनें प्रत्येक नोंदीस तिच्या विश्वासार्हतेप्रमाणें वजन देतां येतें. जेथें खात्री कमी, तेथें यंत्रानें सांधा आंवरून धरावा, अशी योजना करतां येते. न कळलेलें कळल्यासारखें वागणारें यंत्र माणसास जिन्यावर पाडील.

तेव्हां आपल्या घरांतील वृद्धांसाठीं असें साधन घेतांना त्याच्या करामतींवर भुलूं नये. तें किती वेळां चुकतें, कोणत्या वयाच्या व वजनाच्या माणसांवर त्याची परीक्षा झाली, आणि शंका आल्यास तें काय करतें, हे तीन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावे. प्रामाणिक उत्तर आंकड्यांत मिळेल.