ग्रंथ आणि गिऱ्हाईक

गेल्या महिन्यांत बेव्हर्ली पार्कांतील आमच्या घरीं माझा एक जुना विद्यार्थी आला. तो आहारविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय करतो. आणि मीरारोडच्या या भागांत असल्या सल्लागारांच्या पाट्या थोड्या नाहींत. आपल्या विषयावर एखादें मार्गदर्शक पुस्तक लिहिलें म्हणजे लोक आपणांस जाणकार मानतील व गिऱ्हाईक चालून येईल, असा त्याचा हिशेब. हिशेबांत गैर कांहींच नाहीं. परंतु त्याचें बाड चाळतांना असें दिसलें कीं, प्रत्येक प्रकरण ऐन मुद्द्यापाशीं येऊन थांबतें आणि पुढील माहितीसाठीं लेखकास भेटावें असें सुचवितें. मीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, सगळेंच लिहून टाकलें तर माझ्याकडे येणार कोण?”

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तो गेल्यावर मात्र, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं मुंबईंत ज्यांच्यापुढें उभा होता, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण झाली.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२ चा. इ. स. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले. पुढें गणिताचे प्राध्यापक झाले व पॅरिसला जाऊन त्याच विषयाचा अधिक अभ्यास करून आले. इ. स. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं मेरी स्टोप्स बाईंनीं लंडनमध्यें आपलें केंद्र सुरू केलें होतें. स्टोप्सबाईंचा ‘मॅरीड लव्ह’ हा ग्रंथ त्यापूर्वींच, १९१८ सालीं, प्रसिद्ध होऊन गाजला होता. म्हणजे तेथें आधीं ग्रंथ व मागून दवाखाना. कर्व्यांचा क्रम उलटा. त्यांचें ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हें पुस्तक निघालें तें १९२३ सालीं.

या दोघांत एक साम्य विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. दोघांपैकीं कोणीही वैद्यकाचे पदवीधर नव्हते. स्टोप्सबाईंची डॉक्टरकी वनस्पतिशास्त्रांतील, कर्व्यांची विद्या गणितांतील. विद्यापीठानें जो अधिकार दिला नव्हता तो त्यांना लेखणीच्या बळावर मिळवावा लागला. कर्वे संततिनियमनाचीं साधनेंही विकत असत. तेव्हां कोणी विचारील कीं, त्यांचें पुस्तक तरी गिऱ्हाईक मिळविण्यासाठींच नव्हतें कशावरून? शंका रास्त आहे, आणि ती डावलून त्यांचा गौरव करण्यांत अर्थ नाहीं. अशा वेळीं पुस्तकाची पारख एकाच कसोटीवर करतां येते: जो वाचक लेखकाच्या दारीं कधींच येणार नाहीं, त्याचें काम त्या पुस्तकानें होतें कीं नाहीं?

या कसोटीचें उत्तर कर्व्यांच्या पुढील आयुष्यांत मिळतें. ते ज्या विल्सन कॉलेजांत शिकवीत, तेथील चालकांनीं प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पर्याय त्यांच्यापुढें ठेवला. १९२५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें व तें अखेरपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालविलें. त्यांत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याची प्रथा होती. जो सल्ला एका माणसास बंद दाराआड फी घेऊन देतां आला असता, तो ते अंकाच्या किंमतींत हजारोंस देत. अडाणीपणामुळें ज्या बाईच्या जिवावर बेततें, तिला मुंबईचें तिकीट काढणें परवडेलच असें नाहीं. तिच्यापर्यंत छापील कागदच जाऊं शकतो.

त्याचें मोलही त्यांना चुकवावें लागलें. १९३१ सालीं अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालीं तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेलीं उत्तरेंच आक्षेपार्ह ठरलीं. त्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही दोनशे रुपये दंड झाला. १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, आणि पुढच्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं, कर्वे निवर्तले.

कर्व्यांनीं सोसलें तितकें प्रत्येक लेखकानें सोसावें, असें मी म्हणणार नाहीं. संसार सर्वांनाच आहेत, आणि आपल्या विद्येवर पोट भरण्यांत लाज नाहीं. पण व्यवहाराच्या दृष्टीनेंही माझ्या विद्यार्थ्याची भीति मला खरी वाटत नाहीं. चांगलें पुस्तक नियम सांगतें. तो नियम आपल्या प्रकृतीला कोठें लागू पडत नाहीं, हें माणसाला पुस्तक पुरतें वाचल्यावरच कळूं लागतें, आणि मग तो जाणत्याचा शोध घेतो. ज्यानें हातचें राखलें नाहीं त्याच्याकडेच तो विश्वासानें जातो.

तें बाड मीं परत धाडलें आहे. प्रकरण जेथें जेथें थांबत होतें, तेथें समासांत पेन्सिलीनें एवढेंच लिहिलें: “पुढें काय, तें येथेंच सांग.”